दुधाच्या पेल्यामागचा दिवा: जैववैद्यकीय प्रकाशशास्त्राच्या एका नियतकालिकाची वाटचाल

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांत महाराष्ट्रातल्या असंख्य घरांमध्ये थर्मामीटरच्या शेजारी आणखी एक लहानसे यंत्र येऊन बसले. ते बोटाला चिमट्यासारखे लावायचे, काही क्षण थांबायचे आणि आकडा ९४च्या खाली तर गेला नाही ना, हे धास्तीने पाहायचे. या ऑक्सिमीटरमधून दोन प्रकारचा प्रकाश बोटात सोडला जातो. एक सुमारे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल, आणि दुसरा डोळ्यांना न दिसणारा, सुमारे ९४० नॅनोमीटरचा अवरक्त. ऑक्सिजन धारण केलेले हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन सोडून दिलेले हिमोग्लोबिन हा प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषून घेतात, आणि त्या फरकावरून तो आकडा काढला जातो. जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलेली ही कल्पना जैववैद्यकीय प्रकाशशास्त्राचे बहुधा सर्वांत घरगुती उदाहरण ठरावे.

या शास्त्राला वाहिलेले 'जर्नल ऑफ बायोमेडिकल ऑप्टिक्स' हे नियतकालिक जानेवारी १९९६ मध्ये सुरू झाले. ते 'एसपीआयई' ही प्रकाशशास्त्राची आंतरराष्ट्रीय संस्था प्रकाशित करते. आरंभी त्रैमासिक असलेले हे नियतकालिक आज मासिक आहे. त्याचे अंक क्रमाने चाळत गेले, तर विषय सतत बदलताना दिसतात. मात्र त्या सर्वांच्या मुळाशी असलेली अडचण एकच असल्याचेही हळूहळू लक्षात येते.

दुधाने भरलेल्या काचेच्या पेल्यामागे दिवा धरला, तर उजेड अलीकडे येतो, पण दिव्याचा आकार दिसत नाही. मानवी ऊतींमध्ये नेमके हेच घडते. प्रकाश शोषला जातो हा त्रासाचा लहान भाग आहे. मोठा भाग आहे तो विकिरणाचा, म्हणजे प्रकाश विखुरण्याचा. ऊतींमध्ये शिरलेला प्रकाशकण साधारणपणे दर ०.१ मिलिमीटरला कशावर तरी आदळून दिशा बदलतो, आणि काही मिलिमीटर आत जाईपर्यंत आपण कोठून निघालो याची खूण पुरती हरवून बसतो. आरंभीच्या अंकांत या भरकटण्याचे गणित मोठ्या प्रमाणावर आढळते: संगणकावर लाखो प्रकाशकण सोडून प्रत्येकाचा प्रवास यदृच्छेने रेखाटणारी माँटे कार्लो पद्धत, लेझरने ऊती किती तापतात याचे हिशेब, आणि ऊतींसारखाच प्रकाश विखुरणारे, प्रयोगशाळेत घडवलेले कृत्रिम नमुने. हे निबंध वाचायला रूक्ष आहेत, हे मान्य करावे लागेल; पण पुढचे सारे त्यांच्यावरच उभे आहे.

या अडचणीवरचा एक उपाय म्हणजे विखुरलेला प्रकाश सरळ टाकून देणे. १९९१ मध्ये डेव्हिड हुआंग, एरिक स्वॉन्सन, जेम्स फुजिमोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी, म्हणजेच ओसीटी, हेच करते. सोनोग्राफीत जसा ध्वनीचा प्रतिध्वनी टिपतात, तसाच येथे व्यतिकरणाच्या, म्हणजे दोन प्रकाशलहरी एकमेकींत मिसळण्याच्या, साहाय्याने प्रकाशाचा प्रतिध्वनी टिपला जातो. तो एक-दोन मिलिमीटरपेक्षा खोल जात नाही, परंतु दृष्टिपटलाला त्याहून अधिक खोलीची गरज नसते. २००३ मध्ये वेगवेगळ्या गटांनी दाखवून दिले की, परतलेल्या प्रकाशाचा संपूर्ण वर्णपट एकदम नोंदवला तर या तंत्राची संवेदनक्षमता शंभर पटींहून अधिक वाढते. त्यानंतरच्या वर्षांत ओसीटीवरील निबंधांचा ओघ का वाढला, याचे उत्तर या शोधात आहे. आज मधुमेहाच्या रुग्णाला नेत्रतज्ज्ञ "ओसीटी करून या" असे सहज सांगतात, आणि २०२३ मध्ये वरील तिघांना वैद्यकीय संशोधनासाठीचा लास्कर पुरस्कार मिळाला.

दुसरा उपाय अधिक धूर्त आहे. आत प्रकाश पाठवायचा, पण बाहेर आवाज ऐकायचा. लेझरचा नॅनोसेकंदांचा झोत शोषून घेताच रक्तवाहिनी किंचित तापते, प्रसरण पावते आणि त्यातून ध्वनिलहर निघते. ऊतींमध्ये ध्वनीचे विकिरण प्रकाशाच्या तुलनेत फारच कमी होत असल्याने ती जवळजवळ सरळ बाहेर येते. हा परिणाम अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८० मध्येच नोंदवला होता. वैद्यकीय प्रतिमांसाठी त्याचा उपयोग होण्यास मात्र शंभरहून अधिक वर्षे लागली, कारण त्याजोगे लेझर आणि संगणक त्यापूर्वी नव्हते. या क्षेत्रातील अग्रणी लिहाँग वाँग हे २०१० ते २०१७ या काळात या नियतकालिकाचे संपादक होते. संशोधनाचे विषय फॅशनप्रमाणे येतात आणि जातात असे म्हणण्याची रीत आहे, पण येथे तरी नवा विषय बहुतेक वेळा नव्या प्रकाशस्रोताच्या, नव्या संवेदकाच्या किंवा नव्या गणनशक्तीच्या मागून आलेला दिसतो.

महाराष्ट्राशी जोडलेला एक धागाही या अंकांत सापडतो. तोंडाच्या कर्करोगाचे ओझे भारतात मोठे आहे. खारघर येथील 'अ‍ॅक्ट्रेक' या टाटा मेमोरियल सेंटरच्या संशोधन केंद्रात, रामन वर्णपटाच्या, म्हणजे रेणूंवरून विखुरताना रंग बदललेल्या प्रकाशाच्या नोंदीच्या, आधारे गालाच्या आतील त्वचेतील कर्करोगपूर्व बदल रुग्णाच्या तोंडातच ओळखण्याचे काम झाले, आणि त्यावरील निबंध २०१२ मध्ये याच नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सी. व्ही. रामन यांनी १९२८ मध्ये शोधलेला परिणाम अशा रीतीने तंबाखूने ग्रासलेल्या तोंडापर्यंत पोहोचला.

गेल्या दशकाच्या उत्तरार्धापासून सखोल यंत्रशिक्षणाने (डीप लर्निंग) जवळजवळ प्रत्येक उपशाखेत प्रवेश केला आहे. प्रतिमेतील गोंगाट काढणे, थरांच्या सीमा आखणे, रोगाचा संशय वर्तवणे ही कामे संगणक शिकतो. येथे वाचकाने थोडे सावध असावे. एका रुग्णालयाच्या, एकाच बनावटीच्या यंत्रावर शिकलेली प्रणाली दुसरीकडे तितकीच चालेल याची हमी नसते, आणि अनेक निबंधांत रुग्णांची संख्या लहान असते.

प्रकाशनाची रीतही बदलली. जानेवारी २०१९ पासून हे नियतकालिक पूर्णतः मुक्त झाले. म्हणजे वाचकाला पैसे पडत नाहीत, शुल्क लेखकाच्या बाजूने भरले जाते. प्रतिस्पर्धी 'बायोमेडिकल ऑप्टिक्स एक्स्प्रेस' तर २०१० मध्ये जन्मापासूनच मुक्त होते. नांदेडच्या महाविद्यालयातील विद्यार्थिनीला कालचा निबंध आज वाचता येणे ही मोठी सोय आहे. पण तिलाच निबंध छापायचा झाला, तर शुल्क कोठून आणावे हा प्रश्न वाचनाच्या सोयीने सुटत नाही. मेंदूवरील संशोधनासाठी २०१४ मध्ये 'न्यूरोफोटॉनिक्स' हे स्वतंत्र नियतकालिक निघाले. मूळ नियतकालिकात सारांशाची चौकटही आता ठरलेली आहे: महत्त्व, हेतू, पद्धत, निकाल, निष्कर्ष. महत्त्व सर्वांत आधी लिहावे लागते, त्यामुळे या कामाचा रुग्णाला उपयोग काय, हे लेखकाला पहिल्याच वाक्यात सांगावे लागते. निबंधाच्या शेवटी संगणकीय संकेत (कोड) आणि विदा (डेटा) कोठे मिळेल, हेही नोंदवले जाते.

ज्या प्रश्नाकडे फार उशिरा लक्ष गेले, तो पुन्हा त्या चिमट्याच्या यंत्राचा आहे. त्वचेतील मेलॅनिनही प्रकाश शोषते. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील रुग्णांच्या नोंदींवरून असे दिसले की, ऑक्सिमीटर ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना धमनीतील रक्तात ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ टक्क्यांहून कमी असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के, तर श्वेतवर्णीय रुग्णांत ३.६ टक्के होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या २०१३च्या मार्गदर्शक सूचनेनुसार अशा यंत्राच्या चाचणीला किमान १० निरोगी माणसे पुरत असत, आणि त्यांतील गडद वर्णाच्या दोघांनी भागत असे. जानेवारी २०२५ च्या मसुद्यात ही संख्या १५० पर्यंत नेण्याचे आणि गडद, मध्यम व उजळ अशा तिन्ही गटांचे किमान प्रमाण ठरवण्याचे सुचवले गेले. भारतीयांच्या त्वचेत तर काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सर्व छटा आहेत, आणि ज्या ऑक्सिमीटरवर आपण त्या दोन वर्षांत रात्री-अपरात्री विसंबून राहिलो, ते याआधीच्या नियमांच्या काळातील होते.