सुकाण्यापुरता उजेड

(पडद्यावर: काळोख. लाकडाची करकर. हळूहळू पिवळसर उजेडाचं एक वर्तुळ दिसू लागतं आणि त्यात डुलणारी होकायंत्राची तबकडी.)

भर समुद्रात रात्री सुकाणूपाशी उजेड चालत नाही. डोळा अंधाराला पुरता सरावायला अर्धा तास लागतो आणि एक झगझगीत दिवा दिसला की सगळं मुसळ केरात. पण सुकाणूवाल्याला होकायंत्र तर वाचायचंच असतं. त्याच्यासाठी हा एवढासा दिवा.

सुकाणूच्या चाकापुढच्या ज्या पेटीत होकायंत्र आणि हा दिवा राहतात, तिला बिनॅकल म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ राहण्याची जागा. जुनं बिनॅकल म्हणजे चक्क लाकडी कपाट. कडेच्या दोन कप्प्यांत दोन होकायंत्रं, मधल्यात दिवा, आणि मध्ये काचा. 1627 साली कॅप्टन जॉन स्मिथ या इंग्रज दर्यावर्दीने लिहून ठेवलंय, की या पेटीला लोखंडी खिळे मारू नयेत, लाकडी खुंट्या ठोकाव्यात. आणि पेटी अशी बंद असावी, की उजेड फक्त सुकाणूच्या बाजूला पडेल.

खिळ्यांचं एवढं भय कशाला? सुई लोखंडाकडे ओढली जाते म्हणून. ती एकच अंश हलली, तर साठ मैलांच्या वाटचालीत जहाज एक मैल बाजूला जातं. खडकाळ किनाऱ्यालगत एक मैल म्हणजे फार झाला. म्हणून दिवाही तांब्याचा नाहीतर पितळेचा.

पुढे जहाजंच लोखंडाची झाली. 1876 मध्ये ग्लासगोच्या विल्यम थॉमसन यांनी, म्हणजे नंतरच्या लॉर्ड केल्व्हिन यांनी, नव्या बिनॅकलचं पेटंट घेतलं. त्यात होकायंत्राच्या दोन्ही बाजूंना लोखंडाचे दोन गोळे मुद्दाम बसवलेले! जहाजाच्या लोखंडाची ओढ त्यांनी मारायची. दिवा मात्र पितळेचाच राहिला.

(पडद्यावर: हातात धरलेला पितळी दिवा, अगदी जवळून.)

खाली तेलाची छोटी टाकी, वर वात, एका अंगाला काच, धूर जायला वर भोकं. बिनॅकलच्या टोपाच्या कुशीतल्या खाचेत तो वरून सरकवायचा. वात जरा वर राहिली की काच काजळते, फार खाली गेली की तबकडीवरचे आकडे दिसत नाहीत. सकाळी दिवा उतरवायचा, काच पुसायची, जळकी वात कातरायची, तेल भरायचं. इंग्रजी जहाजांवर हे करणाऱ्याला नावाने कोणी हाक मारत नसे; तो नुसता ‘लॅम्प्स’. आपल्याकडच्या खलाशांच्या जहाजांवर हे काम कसाबाकडे असे. सारंग, तांडेल या खलाशांच्या मुकादमांबरोबरचा हा माणूस भांडारही सांभाळायचा. पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर रत्नागिरीकडचे खलाशी पुष्कळ होते.

मग वीज आली, पण तीही सोवळी नव्हती. तारेतून वाहणारा प्रवाह सुई हलवतो, हे डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी 1820 मध्येच दाखवलं होतं. त्यामुळे बिनॅकलमधल्या दिव्याच्या जाणाऱ्या आणि येणाऱ्या तारा एकमेकींना पीळ घालून नेतात. एकीचा परिणाम दुसरी मारते. उजेड कमी-जास्त करायला शेजारीच एक बटण.

तरी कित्येक जहाजांवर तेलाचा दिवा भरून तयार ठेवलेला असे. वीज गेली, की हात आधी त्याच्याकडे जायचा.

(पडद्यावर: काडी ओढल्याचा आवाज. दिवा खाचेत सरकतो. तबकडी पुन्हा दिसते.)