गॅस ओळखणारा कथिलाचा ऑक्साइड

श्रोतेहो, नमस्कार. स्वयंपाकघरात लावायचा एलपीजी डिटेक्टर आता सहज मिळतो. त्याच्या जाळीआड खरं काम करतो तो टिन ऑक्साइड, म्हणजे कथिलाचा ऑक्साइड. जपानच्या नाओयोशी तागुची यांनी 1962 साली या सेन्सरच्या पेटंटसाठी अर्ज केला. आजचा स्वस्त एमक्यू-6 हा सेन्सर त्याच घराण्यातला.

थंड असताना हा पदार्थ जवळजवळ मुका असतो. आतला हीटर त्याला 200 ते 400 अंश सेल्सिअसपर्यंत तापवतो. मग हवेतला ऑक्सिजन या ऑक्साइडच्या कणांना चिकटतो आणि त्यांचे इलेक्ट्रॉन धरून ठेवतो, त्यामुळे रोध, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा, वाढतो. गॅस आला की तो याच ऑक्सिजनशी संयोग पावतो, इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि रोध घसरतो. सर्किट मोजतं ते एवढंच. कण जितके बारीक तितका हा फरक ठळक. पण बारीक कण तापून तापून एकमेकांत मिसळतात, मोठे होतात आणि संवेदनशीलता उतरते.

घरी सर्किट जोडणाऱ्यांनी हीटरचा विचार आधी करावा. 5 व्होल्टवर तो सुमारे 150 मिलिअँपिअर ओढतो. मायक्रोकंट्रोलरच्या, म्हणजे सर्किट चालवणाऱ्या चिपच्या, पिनमधून एवढा प्रवाह मिळत नाही, स्वतंत्र पुरवठाच हवा. नवा सेन्सर 24 तास तापत ठेवा आणि मगच शून्य, म्हणजे स्वच्छ हवेतलं मूळ माप, ठरवा. ही घाई हमखास नडते: पहिल्या काही तासांत रोध सारखा सरकतो आणि अलार्मची पातळी भलतीकडेच बसते.

या सेन्सरला गॅसची जात कळत नाही. सॅनिटायझरमधलं अल्कोहोलही त्याला गॅसच वाटतं. पावसाळ्यात दमट हवेनेही रोध उतरतो. खोटा अलार्म वाजतो तो बहुधा अशाने. अल्कोहोलची वाफ अडवायला कोळशाचा फिल्टर असलेला सेन्सर मिळतो, तो घ्यावा.

त्याहून घातक सिलिकॉनची वाफ. ओट्याच्या फटी भरायचं सिलिकॉन सीलंट ओलं असताना डिटेक्टर चालू राहिला, तर ती वाफ तापलेल्या कणांवर जळून वाळूसारखा सिलिकाचा थर बसवते. दिवा हिरवाच राहतो, पण गॅस ओळखू येत नाही, आणि हे नुकसान भरून निघत नाही. म्हणून सीलंट पूर्ण वाळेपर्यंत डिटेक्टर काढून दुसऱ्या खोलीत ठेवा.

एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साचतो. डिटेक्टर जमिनीपासून साधारण 30 सेंटिमीटरवर लावा, छताजवळ नव्हे.