टेकडीचा कागद आपल्याला उशिरा का मिळतो
(बावधन-कोथरूड भागातल्या सोसायट्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचं थोडं संपादित शब्दांकन)

आधीच सांगतो, मी इथे बिल्डर विरुद्ध झाडं असं भाषण द्यायला आलो नाहीये. ते पुण्यात भरपूर झालंय, टाळ्या पडतात, आपण घरी जाऊन झोपतो, आणि पावसाळा संपला की टेकडीच्या पायथ्याला पोकलेन उभा असतो. माझं म्हणणं वेगळं आहे. निर्णय बदलता येत असतो तेव्हा त्याचा कागद आपल्याकडे नसतो, आणि कागद हातात येतो तेव्हा बदलण्यासारखं काही शिल्लक नसतं. ह्यात टेकडी वाचवणारे फसतात आणि टेकडीवर प्लॉट घेणारेही फसतात, पण ह्या दुसऱ्यांबद्दल आपण सभेत कधी बोलत नाही.

बीडीपीचंच बघा, म्हणजे टेकड्यांवरच्या जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणाचं. १९९७ मध्ये आजूबाजूची गावं महापालिकेत आली, त्यातल्या २३ गावांच्या डीपीत, म्हणजे विकास आराखड्यात, टेकड्यांवरची ९७८ हेक्टर जागा जैवविविधता उद्यानासाठी दाखवली. मग त्यावर बांधकाम द्यायचं का, दिलं तर किती टक्के, जागामालकाला मोबदला काय, ह्याचा घोळ चालू राहिला आणि शासनाने निर्णय घेतला कधी, तर २०१५ मध्ये. म्हणजे गावं आल्यापासून १८ वर्षं. ह्या १८ वर्षांत टेकडी काय रिकामी बसून होती का? गुंठा-गुंठा करून विकली गेली. घेणारे कोण तर रिक्षा चालवणारे, कंपनीत हेल्परची नोकरी करणारे, गावाकडची जमीन विकून आलेले. नोटरीवर व्यवहार, सात-बारा दाखवला, बघा क्लिअर आहे म्हणून सांगितलं. आता सात-बाऱ्यावर डीपीचं आरक्षण लिहिलेलं नसतं हो! त्यासाठी झोन दाखला काढावा लागतो. विकणाऱ्याला हे माहीत होतं, एजंटला माहीत होतं, फक्त पैसे देणाऱ्याला माहीत नव्हतं. त्या माणसाला आपण आज सरसकट अतिक्रमणवाला म्हणतो, मला ते पटत नाही. आणि मूळ जागामालक, त्यांना मोबदला ठरला ८ टक्के टीडीआर (म्हणजे पैशांऐवजी दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क), रस्त्यासाठी जागा गेली असती तर ह्याच्या कितीतरी पट मिळाला असता. ते चिडलेत तर त्यांचं चुकलं कुठे? आरक्षण हवंच, मी कट्टर त्या बाजूचा आहे, पण मोबदल्याचा हिशोब उघड्यावर मांडून झाला असता तर निम्मी भांडणं कोर्टात गेलीच नसती असं माझं मत आहे.

टेकडीफोड हा फक्त हिरवाईचा प्रश्न नाही हे २०१३ च्या जूनमध्ये दिसलं. कात्रजच्या बोगद्यापलीकडे शिंदेवाडीला डोंगर फोडून ओढ्याची वाटच बदलली होती, एका पावसात लोंढा हायवेवर आला आणि एक आई आणि तिची छोटी मुलगी वाहून गेल्या. १:५ पेक्षा जास्त उताराच्या जागेवर बांधकाम करू नये असा नियम पुस्तकात आहे. पण उतार मोजला कोणी, नकाशावर सही कोणाची, मुरूम काढायला तहसीलमधून गौण खनिजाची परवानगी घेतली होती का, रॉयल्टी भरली किती ब्रासची आणि गाड्या गेल्या किती, ही चार कागदं चार वेगवेगळ्या ऑफिसात असतात आणि ती एका टेबलावर एकत्र कधी येतच नाहीत. मुद्दाम केलंय असं मी म्हणत नाही, पण सोय मात्र फार छान झालीये.

बरं, डीपी मंजूर झाला, टेकडी हिरवी दाखवली, म्हणजे झालं का? नाही. एमआरटीपी कायद्यात, म्हणजे १९६६ च्या नगररचना कायद्यात, कलम ३७ आहे, त्याने मंजूर डीपीत फेरबदल करता येतो. नोटीस निघते, राजपत्रात आणि पेपरात, आणि हरकती-सूचनांना एक महिना. आता ती नोटीस तुम्ही कधी वाचलीये? मुंगीएवढ्या अक्षरात, स.नं. अमुक, हिस्सा नंबर तमुक, पैकी, "ना-विकास विभागातून वगळून". इथे बसलेल्यांपैकी किती जणांना आपल्या सोसायटीचा सर्व्हे नंबर पाठ आहे? हात वर करा. ...बघा, तीन. आणि शेजारच्या टेकडीचा? कोणालाच नाही. मग ती नोटीस आपल्याला कळणार कशी, महिना कधी संपला ते पण कळत नाही.

पूर्वी निदान महापालिकेच्या मुख्य सभेत आरडाओरडा व्हायचा. उपसूचना यायच्या, आयत्या वेळचे विषय यायचे, रात्री उशिरा काहीतरी घुसडलं जायचं, हे सगळं मान्य, पण एखादा नगरसेवक उठून विचारायचा की हे कशासाठी, आणि पत्रकार वर गॅलरीत बसलेले असायचे. मार्च २०२२ ला सभागृहाची मुदत संपली आणि पुढे बरीच वर्षं प्रशासकाचा कारभार चालला. म्हणजे आयुक्त प्रस्ताव मांडणार, स्थायी समिती म्हणून तेच मंजूर करणार आणि मुख्य सभा म्हणूनही तेच. त्या काळात माणूस कितीही प्रामाणिक असू दे, प्रश्न विचारणारा समोर कोणी नव्हता. २०२३ मध्ये वेताळ टेकडीसाठी लोक रस्त्यावर उतरले ते उगाच नाही, विचारायला दुसरी जागाच राहिली नव्हती.

आणखी एक, जे बऱ्याच जणांना धक्का देतं. मोठ्या गृहप्रकल्पाला, २०,००० चौरस मीटर बांधकाम किंवा त्यावर, पर्यावरण मंजुरी लागते, पण त्यासाठी जनसुनावणी होत नाही. कारखान्याला होते, खाणीला होते, टाउनशिपच्या टॉवरला नाही. तुम्हाला कळतं ते मंजुरी मिळाल्यावर, कारण सात दिवसांत दोन पेपरात जाहिरात द्यायची अट असते, एक तरी स्थानिक भाषेत. ती जाहिरात कापून ठेवा, कारण हरित न्यायाधिकरणात अपील करायचं तर मुदत ३० दिवस, फार फार तर त्याच्यावर ६० मिळतात तेही उशिराचं कारण पटलं तर. खंडपीठ आपल्या पुण्यातच आहे, आणि तरी लोक मुदत गेल्यावर वकिलाकडे जातात.

मग करायचं काय? पुण्याने ह्या बाबतीत एक फार चांगली गोष्ट केलीये आणि पुणेकर तीच वापरत नाहीत. महापालिकेत सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना फायली बघता येतात, माहिती अधिकाराच्या कार्यकर्त्यांनी मागे लागून ते सुरू करून घेतलं, आणि २०१८ मध्ये शासनाने राज्यभरच्या ऑफिसांना तसाच आदेश काढला. अर्ज करून महिनाभर थांबायची गरज नाही. जा, बांधकाम विभागात बसा, मंजूर नकाशा मागा, त्यावर उतार दाखवलाय का बघा. एका ऑफिसात मला एकदा साहेब म्हणाले की नकाशा तिसऱ्या पक्षाचा आहे, त्यांना विचारावं लागेल. मी म्हटलं विचारा की, कायद्यात विचारायचंच लिहिलंय, पण त्यांनी नको म्हटलं तरी निर्णय तुम्हालाच द्यायचाय आणि तो कारणासकट लेखी द्या. लेखी म्हटलं की सूर बदलतो. फाईल सापडत नाही हे उत्तर आलं तर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख कायदा, २००५ चा, त्याचं नाव काढा. त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. फाईल कधीकधी त्याच संध्याकाळी सापडते.

अर्ज करायचाच झाला तर १५० शब्दांत, एकच विषय. "टेकडीवर काय चाललंय" असं विचारू नका, उत्तर येणार नाही. सर्व्हे नंबर लिहा, बांधकाम परवानगीचा क्रमांक लिहा (तो रेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणाच्या, साइटवर प्रकल्पाच्या पानावरच्या कागदांत मिळतो), आणि मत मागू नका, कागद मागा.

प्रश्न घेऊ या. हां काका, बोला.

"हरकत दिली, सुनावणीला बोलावलंच नाही तर?"

चांगला प्रश्न. हरकत देताना पोच घ्या, आवक क्रमांकासकट, नुसता ईमेल टाकून गप्प बसू नका. बोलावलं नाही तर सुनावणीचं वेळापत्रक, हजेरीपत्रक आणि तुमच्या हरकतीवर काय शेरा मारला त्याची प्रत मागा. डीपीच्या वेळी ८७ हजारांच्या आसपास हरकती आल्या होत्या, एवढ्या गठ्ठ्यात आपली कुठे बसवली हे कळायला पाहिजे ना. हजेरीपत्रकात तुमचं नाव नसेल आणि पोच तुमच्या हातात असेल, तर तो कागद पुढे हायकोर्टात उपयोगी पडतो. आणि एकट्याने जाऊ नका, सोसायटीच्या लेटरहेडवर ठराव करून जा. ताई, मागच्या रांगेतल्या, तुमचा हात होता ना वर?