वर कुणी नाही, तरी नियम चालतात ते कसे?

हा हॉल बघा. न्यूयॉर्क, युनोची इमारत, सुरक्षा परिषद. घोड्याच्या नालेसारखं वळलेलं टेबल, मागे भिंतभर चित्र, नॉर्वेच्या पेर क्रोग यांनी काढलेलं, त्यात मधोमध राखेतून वर येणारा फिनिक्स पक्षी. तारीख २५ फेब्रुवारी २०२२. युक्रेनवर हल्ला सुरू होऊन अजून दोन दिवसही झालेले नाहीत आणि टेबलावर ठराव आलाय की रशियाने सैन्य मागे घ्यावं. इथे मत द्यायला हात वर करतात. बाजूने ११ हात. तटस्थ ३, चीन, भारत आणि संयुक्त अरब अमिराती. विरोधात एक. त्या एका हाताने ठराव पडला, कारण तो रशियाचा होता आणि रशियाकडे व्हेटो आहे, म्हणजे एकट्याने ठराव पाडायचा अधिकार, जो अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन आणि फ्रान्स या पाच कायम सदस्यांनाच आहे. आणि त्या महिन्यात परिषदेच्या अध्यक्षपदाची पाळीसुद्धा रशियाचीच होती, म्हणजे विरोधात हात वर करणारे रशियाचे राजदूत वासिली नेबेन्झिया आणि मतं मोजून ठराव नामंजूर झाला असं जाहीर करणारेही तेच.

हे बघताना पोटात खड्डा पडतो. कुंपणच शेत खातंय म्हटल्यावर दाद मागायची कुणाकडे? आणि हे एकाच देशाचं नाही हां, ८ डिसेंबर २०२३ ला गाझातल्या युद्धबंदीचा ठराव आला तेव्हा १३ देश बाजूने होते, ब्रिटन तटस्थ, आणि अमेरिकेच्या एका हाताने तो तिथेच संपला.

असं का बनवलं असेल, हा प्रश्न पडतोच. त्यासाठी १९४५ च्या सॅन फ्रान्सिस्कोला जावं लागतं. ५० देश जमलेत, युनोच्या सनदेचा, म्हणजे तिच्या मूळ नियमांचा मसुदा चाललाय, आणि ऑस्ट्रेलियाचे हर्बर्ट एव्हॅट छोट्या-मध्यम देशांच्या वतीने व्हेटोवर तुटून पडलेत, की पाच जणांनाच हा अधिकार का म्हणून. तेव्हा अमेरिकन शिष्टमंडळातले सिनेटर टॉम कॉनली यांनी मसुद्याची प्रत हातात घेतली आणि सगळ्यांसमोर टराटरा फाडून दाखवली. अर्थ सरळ होता, हवं तर असं फाडून टाका, पण मग संस्थाच होणार नाही. छोट्या देशांनी व्हेटो गिळला. संस्था नसण्यापेक्षा अशी तरी असू दे, असा तो हिशोब होता, आणि मला वाटतं तो हिशोब समजून घेतल्याशिवाय युनोला नुसत्या शिव्या घालण्यात काही अर्थ नाही.

आता अभ्यासक याच्याकडे कसं बघतात ते ऐका, कारण तिथे खरी मजबूत भांडणं आहेत. केनेथ वॉल्ट्झ या अमेरिकन प्राध्यापकांनी १९७९ मध्ये जे मांडलं त्याच्यावर आजही वर्गावर्गात वाद होतो. ते म्हणतात, जगात अराजक आहे. अराजक म्हणजे दंगाधोपा, जाळपोळ असं नाही, तर देशांच्या वर कुणी नाही, बस्स एवढंच. देशाच्या आत चोरी झाली तर पोलीस आहेत, कोर्ट आहे, पण देशावरच कुणी चालून आलं तर बोलवायचं कुणाला? म्हणून प्रत्येकजण आपापलं बघतो, शस्त्रं जमवतो, आणि शेजाऱ्याने जमवली की अजून जमवतो. बळी तो कान पिळी. सुरक्षा परिषदेतला तो एक हात बघितला की वॉल्ट्झ पटतातच, नाही पटत असं म्हणणं प्रामाणिकपणाचं होणार नाही.

पण मग रोजचं जग चालतं कसं? १८६५ च्या आधी युरोपात तार पाठवली की ती सरहद्दीपर्यंत जायची, तिथे कारकून ती कागदावर उतरवून घ्यायचा, कागद पलीकडच्या देशाच्या कारकुनाच्या हातात द्यायचा, गरज पडली तर भाषांतर व्हायचं आणि मग पलीकडच्या तारेवरून ती पुन्हा पाठवायची, कारण दोन्हीकडची यंत्रं वेगळी, दर वेगळे, नियम वेगळे. शेवटी मे १८६५ मध्ये पॅरिसला २० देश बसले, एकच पद्धत ठरवली आणि त्यातून एक संस्था उभी राहिली, आजचा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ. पुढे त्यातल्या कितीतरी देशांनी एकमेकांची शहरं बेचिराख केली, पण ती संस्था टिकली, आज ती युनोचा भाग आहे आणि उपग्रहांच्या फ्रिक्वेन्सी एकमेकांवर आदळू नयेत हे बघते. तिच्याकडे एकही सैनिक नाही.

इथे रॉबर्ट कोहेन हे अमेरिकन अभ्यासक येतात. १९८४ मध्ये त्यांनी मांडलं की देश स्वार्थी असले तरी, खरं तर स्वार्थी असतात म्हणूनच, संस्था बनवतात, कारण प्रत्येक वेळी नव्याने घासाघीस करणं महाग पडतं, आणि समोरचा फसवतोय का हे कळायची सोय लागते. हे दुसरं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कळायची सोय. याचं एक उदाहरण सांगतो, जरा वेळ लागेल पण सांगतोच.

१९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरचा ओझोनचा थर विरळ झाल्याचं जाहीर केलं. दोनच वर्षांनी, १६ सप्टेंबर १९८७ ला माँट्रियल करार झाला, ओझोनचा थर खाणारे फ्रीज आणि स्प्रेमधले सीएफसी वायू हळूहळू बंद करायचे. पुढे या करारावर जगातल्या प्रत्येक देशाने सही केली. का केली असेल? एक तर बाहेर राहिलेल्या देशाशी या रसायनांचा व्यापार करायचा नाही असं कलम होतं, आणि दुसरं, गरीब देशांना नवीन तंत्रज्ञानासाठी पैसा देणारा फंड १९९० च्या लंडन बैठकीत मंजूर झाला. म्हणजे आत येण्यात फायदा आणि बाहेर राहण्यात तोटा, दोन्ही बाजूंनी विचार केलेला होता.

२०१० पर्यंत या सीएफसींचं उत्पादन जगभर बंद व्हायचं ठरलं होतं. तरी २०१८ मध्ये हवेचे नमुने तपासणाऱ्या शास्त्रज्ञांनी सांगितलं की आकडे जुळत नाहीत, त्यातला सीएफसी-११ हा वायू हवेतून जितक्या वेगाने कमी व्हायला हवा तितका होत नाहीये, कुणीतरी नव्याने सोडतंय. कोण, ते माहीत नाही. मग कोरियाच्या जेजू बेटावरचं गोसान आणि जपानचं हातेरुमा बेट, इथल्या मापन केंद्रांवरचे आकडे काढले, वारा कोणत्या दिशेने येताना आकडा उसळतो ते बघितलं, आणि २०१९ मध्ये बोट ठेवलं ते पूर्व चीनवर, तिथल्या दोन प्रांतांवर. चीनने धाडी घातल्या, कारवाई केली. आणि त्याच केंद्रांवर आकडा परत खाली आलेला दिसला. नीट बघा इथे काय झालं ते. जगातल्या एका बलाढ्य देशातली चोरी पकडली गेली आणि थांबली, एकही गोळी न चालवता, बेटावर ठेवलेल्या मशीनमुळे आणि रोज इमानेइतबारे नोंद करणाऱ्या माणसांमुळे. मला या सगळ्या विषयात यापेक्षा जास्त आशा देणारी गोष्ट दुसरी सापडलेली नाही.

अर्थात ओझोनचं सोपं होतं असं म्हणणारेही आहेत, सीएफसी बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या, पर्याय लवकर सापडला. बरोबर आहे त्यांचं. कार्बनचं तसं नाही, तो सगळ्यांच्याच चुलीतून निघतो.

हेडली बुल नावाचे ऑस्ट्रेलियन अभ्यासक होते, त्यांनी १९७७ मध्ये तिसरीच गोष्ट सांगितली. वर सरकार नसलं तरी देशांचा एक समाज असतो, त्यात रीतभात असते. याचा पुरावा कुठे, तर नियम मोडणाऱ्याच्या तोंडात. युक्रेनवर हल्ला करताना रशियाने युनोला पत्र पाठवलं, त्यात सनदेच्या ५१ व्या कलमाचा, म्हणजे स्वसंरक्षणाच्या हक्काचा आधार घेतला होता. तो आधार टिकणारा नाहीच, पण ज्याला नियमाची पर्वाच नाही तो कलमाचा नंबर कशाला शोधत बसेल? त्याला बाकीच्यांसमोर काहीतरी सांगावं लागतं. ही लाज जोवर शिल्लक आहे तोवर धरायला एक टोक शिल्लक आहे.

भीती मला वेगळ्याच गोष्टीची वाटते. नियम उघड मोडला तर निदान आरडाओरडा तरी होतो, पण नियम तसाच ठेवून यंत्रणेतला एक खिळा काढून घेतला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. जागतिक व्यापार संघटनेचं अपील मंडळ घ्या, देशादेशांतल्या व्यापाराच्या भांडणांत पहिल्या निकालावरचं अपील ऐकणारं. सात सदस्य, एक अपील ऐकायला किमान तीन लागतात, नेमणूक सगळ्यांच्या संमतीने. अमेरिकेने नव्या नेमणुकांना संमती देणंच थांबवलं, एकेकाची मुदत संपत गेली, आणि डिसेंबर २०१९ मध्ये एकच सदस्य उरला. मंडळ आजही कागदावर आहे. हरलेला देश अपील दाखल करतो, ऐकायला कुणी नाही, निकाल अधांतरी लटकून राहतो. सुसान स्ट्रेंज या ब्रिटिश विदुषी १९८० च्या दशकातच सांगत होत्या की नियमांकडेच बघत बसाल तर फसाल, त्या नियमांखाली सत्ता कुणाची आहे ते आधी बघा.

आणि सत्तेचं बघायचं तर मग हेही बघावं लागतं की हे सगळे सिद्धांत कुणाच्या खुर्चीत बसून लिहिलेत. ओडिशात जन्मलेले अमिताव आचार्य गेली अनेक वर्षं हाच मुद्दा लावून धरतायत, की आंतरराष्ट्रीय संबंधांचा अभ्यास पाश्चात्त्य इतिहासालाच जगाचा इतिहास समजत आला, बाकीचे देश नियम नुसते स्वीकारतात असं धरून चालला, पण प्रत्यक्षात ते नियम घडवतात, वळवतात, आपल्या मातीत रुजवतात. हा मुद्दा मला आधी थोडा भावनिक वाटायचा. पण मग लिश्टेनस्टाइनने काय केलं ते बघितलं, युरोपातलाच, पण साधारण ४० हजार वस्तीचा देश. व्हेटो काढून घ्यायची ताकद त्यांच्यात नव्हती. त्यांनी एवढंच मागितलं की कुणी व्हेटो वापरला की कामाच्या दहा दिवसांत आमसभा, म्हणजे युनोच्या सगळ्या देशांची सभा, भरलीच पाहिजे, चर्चा झालीच पाहिजे. २६ एप्रिल २०२२ ला आमसभेने ते मतदान न घेता मंजूर केलं. म्हणजे आता व्हेटो चालतो, पण त्यानंतर बाकी जगासमोर त्याची चर्चा होतेच.

आणि दुसरं, वानुआतू. पॅसिफिकमधली बेटं, समुद्र दरवर्षी थोडा वर येतोय. २०१९ मध्ये तिथल्या विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या २७ विद्यार्थ्यांनी एक कल्पना काढली, हवामान बदलाबद्दल देशांवर कायदेशीर जबाबदारी नेमकी काय आहे हे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयालाच विचारायचं. वर्गातली मुलं हो. त्यांनी वानुआतूच्या सरकारला पटवलं, सरकारने बाकीच्या सरकारांना पटवलं, आणि २९ मार्च २०२३ ला आमसभेने तो प्रश्न एकमताने कोर्टाकडे पाठवला. सुनावणीला नव्वदहून जास्त देश येऊन बोलले.

२३ जुलै २०२५ ला कोर्टाने मत दिलं, एकमताने. हवामान वाचवण्यासाठी पावलं उचलणं ही देशांची कायदेशीर जबाबदारी आहे, आणि ती मोडली तर नुकसानभरपाईपर्यंत प्रकरण जाऊ शकतं. हे मत सल्ल्याच्या स्वरूपाचं आहे, बंधनकारक नाही, उद्या कुणी ते धुडकावलं तर त्याला पकडून आणणारं कुणी नाही, वॉल्ट्झ इथेही बरोबरच आहेत. पण त्या दिवशी हेगच्या त्या हॉलमध्ये १५ न्यायाधीश बसले होते, त्यातले काही व्हेटोवाल्या देशांचेही होते, आणि तिथे प्रत्येकाच्या मताचं वजन सारखंच होतं, व्हेटो कुणालाच नव्हता. अध्यक्ष इवासावा युजी यांनी मत वाचून दाखवलं, आणि ज्यांनी हा प्रश्न सहा वर्षांपूर्वी वर्गात काढला होता त्यांच्यातले काहीजण ते ऐकत होते.