शेपटीसकट परत आणा

(दृश्य: पुण्यातल्या एका पेठेतलं ड्रेपरीचं दुकान. डिसेंबरची संध्याकाळ.)

डिसेंबर लागला की या दुकानापुढे चपला काढायलाही जागा उरत नाही. शाळांची गॅदरिंगं सुरू झालेली असतात. कुणाला मावळ्याचा अंगरखा हवा, कुणाला कोळणीचं लुगडं, कुणाला वांगं व्हायचंय. गल्ल्यावर पावती फाडली जाते. भाडं एवढं, डिपॉझिट एवढं, आणि खाली लाल शाईत : उद्या संध्याकाळी सातच्या आत.

माळ्यावरच्या गठ्ठ्यातून मालक एक अंगरखा ओढून काढतात. काखेत दोनदा उसवून शिवलेला, बंद बदललेले, गळ्यापाशी सेफ्टी पिनांची भोकं. त्याने किती मावळे पाहिलेत, हे मालकांनाही सांगता येत नाही.

कपडे भाड्याने घेणं ही नव्या पिढीची टूम आहे, असं आपल्याला हल्ली वाटतं. अमेरिकेत 'रेंट द रनवे' ही कंपनी 2009 साली निघाली, महागडे झगे भाड्याने द्यायला. आपल्याकडे हौशी नाटकवाले त्याच्या कितीतरी आधीपासून राजाचा शेला ड्रेपरीवाल्याकडून आणत होते. आणि साडी? ती तर बहिणी-बहिणींत, जावा-जावांत फुकटच फिरायची. साडी सगळ्यांना होते. अडायचं ते ब्लाउजापाशी.

(दृश्य: लक्ष्मी रस्ता. काचेमागे शेरवान्या.)

लग्नसराईत हिशेब सोपा असतो. समजा, शेरवानी विकत 18,000 रुपयांना आहे आणि भाडं 3,500. पाच वेळा भाड्याने नेली तरी 17,500च होतात. सहाव्यांदा घालायची असेल तर विकत घेतलेली बरी. आता नवरदेव सहा वेळा व्हायचा बेत असेल, तर गोष्ट वेगळी.

पैठणीला हा हिशेब लागू पडत नाही. येवल्याच्या मागावर जी विणायला महिने जातात, ती आईच्या लग्नातली पैठणी लेक नेसते आणि तिच्याही पुढे नातीचं परकर-पोलकं होतं. अशी वस्तू भाड्याने आणून मला तरी तिच्यात वावरता येणार नाही. जेवताना सगळं लक्ष काठावर राहील, आमटीच्या वाटीला हात लावायची हिंमत होणार नाही.

मग भाडं स्वस्त, म्हणजे निसर्गालाही स्वस्त का? फिनलंडमधल्या संशोधकांनी 2021 साली जीन्सच्या बाबतीत हे मोजून पाहिलं. भाड्याची जीन्स ने-आण करायला गाडी लागली, की प्रदूषणाचा हिशेब विकत घेण्यापेक्षाही वाईट निघू शकतो. सगळ्यांत बरं काय ठरलं? आहे तीच जास्त दिवस घालणं. पेठेतल्या त्या ड्रेपरीच्या दुकानात गिऱ्हाईक शेजारच्या गल्लीतून चालत येतं, ॲपवरचा लेहेंगा कुरिअरने शहर ओलांडून येतो आणि तसाच परत जातो. दोन्हींना 'भाडं' हा एकच शब्द आहे, एवढंच.

(दृश्य: एक उघडं कपाट. हे कपाट माझं आहे.)

डावीकडच्या तिसऱ्या कप्प्यात चार कुर्ते आहेत, लेबलांसकट. रात्री अकरा-साडेअकराला, फोन हातात घेऊन आडवी पडल्यावर घेतलेले. 'नाही आवडलं तर परत करू' म्हणून मागवले. परत करायची मुदत सात दिवसांची होती. आठव्या दिवशी मला आठवण झाली. चारही वेळा.

पूर्वी दारावर बोहारीण यायची. जुनं धोतर ती उन्हाकडे धरून बघायची, विरलंय का ते. एका पातेल्यासाठी आणखी दोन कपडे मागायची, आजी एकावर अडून बसायची. कपडा घरातून जाताना त्याची किंमत पुन्हा एकदा ठरायची. माझ्या चार कुर्त्यांची किंमत कुणी, कधी ठरवायची?

ड्रेपरीच्या दुकानातल्या पावतीवरून मला सुचलं, की तारीख माझ्या खरेदीलाही घालावी. आता काही आवडलं, की मी ते स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर लिहिते, पुढच्या महिन्यात त्याच तारखेच्या चौकोनात. सोबत रंग, किंमत, आणि हे घालून जायचं कुठे. दुकानांचे मेसेज फोनवर बंद केले. वर्षभरात अकरा नोंदी झाल्या. तीन वस्तू घेतल्या, पाच नोंदींपुढे 'हे काय होतं?' असं माझ्याच अक्षरात आहे, दोनांची आवड त्या तारखेपर्यंत उरली नाही. अकरावी नोंद एका सुती इरकलीची, गर्द जांभळी, लाल काठाची. महिन्याने गेले तर ती विकली गेली होती. तिची चुटपुट अजून आहे, खोटं कशाला बोलू.

(दृश्य: पुन्हा ड्रेपरीचं दुकान. दुसरा दिवस, सातला पाच कमी.)

एक आई धापा टाकत येते, मागे तिचा सहा वर्षांचा मारुती. मालक पिशवी गल्ल्यावर रिकामी करतात. मुकुट, गदा, लाल लंगोट, माळ. पुन्हा मोजतात. मग चष्म्यावरून मारुतीकडे बघतात.

"शेपूट कुठंय रे?"

मारुती आईच्या ओढणीमागे सरकतो. रात्री ती लावूनच झोपला होता, आई सांगते. आता ती पलंगाखाली असणार.

मालक डिपॉझिटमधले पन्नास रुपये बाजूला काढून डब्याखाली ठेवतात.

"सकाळी आण. तोवर हे इथेच."