पिवळा कॅडेट, लाल बी-२७५

[दृश्य: ओहायोतलं एक गॅरेज. दार वर जातं. आत स्टँडवर चढवलेला, चाकं काढलेला एक छोटा ट्रॅक्टर. बॉनेटवरचा पिवळा रंग उडालेला.]

हा कब कॅडेट १०२. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीनं केंटकी राज्यातल्या लुइव्हिलच्या कारखान्यात १९६५ ते १९६७ या काळात बनवलेला. ताकद नंबरातच सांगितलेली. ७१ मॉडेल म्हणजे ७ हॉर्सपॉवर, १०२ म्हणजे १०, १२२ म्हणजे १२. अंगणातलं गवत कापायचं, भाजीचे वाफे नांगरायचे, हिवाळ्यात दारातला बर्फ ढकलायचा, या घरगुती कामांसाठी तो केलेला. इथे याला गार्डन ट्रॅक्टर म्हणतात. आपल्याकडच्या माणसाला पहिल्यांदा बघितल्यावर खेळणं वाटेल. मलाही वाटलं होतं, वाकून खाली बघेपर्यंत.

[दृश्य: जवळून. ग्रीस आणि मातीच्या थराखाली ओतीव लोखंडाचा गिअरबॉक्स.]

खाली पत्रा नाही, ओतीव लोखंड आहे. या गिअरबॉक्सची घडण फार्मॉल कब या शेतातल्या खऱ्याखुऱ्या ट्रॅक्टरवरून घेतलेली. आणि पुढे बॉनेटवर, अर्धवट पुसलेलं, इंटरनॅशनलचं ते ओळखीचं चिन्ह. त्याच नावाच्या ट्रॅक्टरवर मी लहानाची मोठी झाले.

आमचं गाव सांगली जिल्ह्यातलं. दारात आण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, लाल बी-२७५ उभा असायचा. १९६३ साली महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि मुंबईत कांदिवलीला बी-२७५ तयार होऊ लागला. उसाच्या शेतात नांगर ओढणारा तो डिझेल, आणि हा अंगणातला पेट्रोलवरचा एका सिलिंडरचा जीव. आकारानं काका-पुतणे. पण घराणं एक.

म्हणून मी हा घेतला. दहा वर्षं शेडमध्ये पडून होता, इंजिन जाम होतं.

[दृश्य: टेबलावर मांडलेले सुटे भाग. प्रत्येक पिशवीवर मराठीत लिहिलेली चिठ्ठी: ‘क्लच – डावी बाजू’.]

इंजिन कोहलर के-२४१. सिलिंडर ओतीव लोखंडाचा, हवेनं थंड होणारा. प्लगच्या भोकातून तेल सोडलं, चार दिवस मुरू दिलं, आणि मग फ्लायव्हील, म्हणजे इंजिनला जोडलेलं जड चाक, हातानं हलकेच मागे-पुढे करत राहिले. पाचव्या दिवशी सुटलं. हातोडी लागली नाही, याचा मला फार आनंद झाला.

आत सिलिंडरला गंजाचे खड्डे होते. लेथवाल्याकडून बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, १० थाऊ वाढवून घेतला (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), त्या मापाचा पिस्टन बसवला. कनेक्टिंग रॉड या इंजिनात ॲल्युमिनियमचा असतो आणि क्रँकवर थेट फिरतो, मध्ये वेगळं बेअरिंग नाही. ऑइल पंपही नाही. रॉडच्या खालच्या टोकाला एक छोटी पळी आहे. ती प्रत्येक फेरीला तेलात बुडते आणि वर शिंतोडे उडवते, तेवढ्यावर सगळं वंगण. त्यामुळे तेल कमी पडलं की पहिला बळी रॉडचा. आणि बसवताना रॉडवरची खूण त्याच्या खालच्या टोपीवरच्या खुणेसमोरच यायला हवी. मी ती तीनदा तपासली.

इथवर सगळं पुस्तकात सापडतं. खरं काम निघालं ते मागच्या बाजूला.

[दृश्य: अगदी जवळून. बोटांत धरलेला शाफ्ट. टोकाशी आरपार भोक.]

कॅडेटमध्ये इंजिनची ताकद पट्ट्यानं मागे जात नाही. मधोमध एक लांब शाफ्ट आहे, त्याच्यावर क्लच, आणि मागे कपलिंग. कपलिंग शाफ्टला धरून ठेवते ती एक रोल पिन, पोलादी पत्रा गुंडाळून केलेली. करंगळीपेक्षा बारीक. सगळा भार तिच्यावर.

हे भोक बघा. गोल असायला हवं होतं, अंड्यासारखं झालंय. पिन थोडी ढिली होते, मग प्रत्येक वेळी क्लच सोडला की शाफ्ट पिनेला एक टोला देतो. हजारो टोले. भोक लांबत जातं, शाफ्ट डुगडुगतो, आणि डुगडुगणारा शाफ्ट पुढच्या बुशला खातो. इथे कोणीतरी पिनेऐवजी चक्क खिळा ठोकून वाकवला होता. मला त्या माणसाचा राग आला नाही. संध्याकाळ झाली असेल, बर्फ पडत असेल, दुकान बंद असेल. आमच्याकडे ऐन हंगामात आण्णांनीही तारेनं काय काय बांधलेलं मी पाहिलंय.

पण खिळा आता चालणार नव्हता. भोक मोठं करून जाड बोल्ट घालता आला असता, पुष्कळ लोक तसं करतात. मी नवा शाफ्ट, नवं कपलिंग आणि मूळ मापाची पिन घातली. कारण पिन ही कच्ची कडी आहे, आणि ती कच्चीच असायला हवी. एखादं औजार दगडाला अडकलं तर पिन तुटावी, गिअरचे दात नव्हे.

[दृश्य: गॅरेजबाहेर प्लॅस्टिकचा पिंप. पाण्यातून बारीक बुडबुडे.]

गंज काढायला धुण्याचा सोडा, पाणी आणि बॅटरी चार्जर. गंजलेला भाग चार्जरच्या निगेटिव्हला, टाकाऊ साधं लोखंड पॉझिटिव्हला. त्या जागी स्टेनलेस कधीही वापरू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. हे काम बाहेर उघड्यावर, कारण बुडबुड्यांत हायड्रोजन असतो. जुन्या रंगात शिसं निघालं. म्हणून कोरडं घासणं बंद, पाणी लावून पॉलिश पेपर, तोंडाला मास्क, आणि मुलीला गॅरेजमध्ये यायला बंदी. रंग मूळचाच दिला, पिवळा आणि पांढरा.

आता बदलांचं. जुनं यंत्र जसंच्या तसं ठेवावं की आपल्या सोयीनं बदलावं, यावर लोक तावातावानं बोलतात. माझा नियम एकच: जो बदल उद्या पान्यानं काढता येईल, तोच करायचा. फ्रेमला नवं भोक नाही, वेल्डिंग नाही.

त्या नियमात बरंच बसलं. मूळ ट्रॅक्टरला सीटखाली स्विच नव्हता, माणूस पडला तरी तो चालतच राहिला असता. आता सीट रिकामी झाली की इग्निशन तुटतं. मागे थ्री-पॉइंट हिच, म्हणजे औजारं अडकवायची जोडणी, लावली, ती आधीच असलेल्या भोकांत. मागच्या टायरमध्ये बीटचा रस भरला. ऐकायला विचित्र वाटेल, पण इथे तो वजनासाठी सर्रास वापरतात. गोठत नाही, रिम गंजत नाही.

दिव्यांना एलईडी. त्याला कारण आहे.

[दृश्य: इंजिनच्या बाजूला काळा लांबट डबा, त्यावर पट्टा.]

हा स्टार्टरही आहे आणि डायनॅमोही. किल्ली फिरवली की बॅटरीवर चालून पट्ट्यानं इंजिन फिरवतो. इंजिन सुरू झालं की तेच इंजिन त्याला फिरवतं आणि तो बॅटरी भरतो. एकाच डब्यात दोन्ही कामं, मला ही युक्ती अजून थक्क करते. पण वीज थोडीच देतो, म्हणून दिवे कमी खाणारे हवेत. हा काढून आजचा स्टार्टर आणि अल्टरनेटर लावणारे खूप आहेत. मी नाही लावला.

वायरिंग नवं केल्यावर तो चार्जच करेना. आण्णांना फोन केला. म्हणाले, “डायनॅमो उघडलावतास नव्हं? मग त्याला आधी बॅटरीचा करंट दाखव की.” लोखंडात उरलेलं चुंबकत्व कुठल्या दिशेचं, हे त्याला एकदा सांगावं लागतं. कट-आउट म्हणजे चार्जिंग सांभाळणारी डबी. तिच्या बॅटरी आणि जनरेटर या दोन टोकांना वायर क्षणभर टेकवायची, बस, एक ठिणगी. ॲमीटरचा काटा उजवीकडे सरकला तेव्हा मी गॅरेजमध्ये एकटीच ओरडले.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगते. ट्रॅक्टर ओढण्याच्या शर्यतींसाठी काही लोक गव्हर्नर, म्हणजे इंजिनचा वेग आवरणारा भाग, काढून टाकतात. या इंजिनाला कंपनीनं मिनिटाला ३,६०० फेऱ्यांची मर्यादा घातली आहे. त्यापुढे हे ओतीव लोखंडाचं फ्लायव्हील फुटू शकतं, आणि फुटलं तर त्याचे तुकडे तुमच्या पायाशी असतात. शर्यतवाले वेगळं पोलादी फ्लायव्हील आणि संरक्षक कवच वापरतात. घरी हे करू नका.

[दृश्य: डिसेंबर. पहाट. पुढे बर्फाचं पातं लावलेला पिवळा ट्रॅक्टर. बॉनेटवर टेकवलेल्या फोनमध्ये आण्णांचा चेहरा.]

सुरू झाला. पण संथ चालीवर आवाज स्थिर नव्हता. चढायचा, पडायचा, पुन्हा चढायचा. मला वाटलं गव्हर्नरची स्प्रिंग. फोनमधून आण्णा डोळे मिटून ऐकत होते.

“रेस खालवर व्हायलीय बघ. हवा लई खातंय ते. पेट्रोल वाढीव जरा.”

आयुष्यभर डिझेल चालवलेला माणूस. कार्ब्युरेटरचा, संथ चालीला पेट्रोल किती जायचं ते ठरवणारा स्क्रू मी पाव फेरा उलटा फिरवला.

[ध्वनी: इंजिन. चढउतार कमी होतो, थांबतो. एकसारखी धडधड.]

“हां. आता बराबर हाय. लाव कामाला.”

[दृश्य: पातं खाली येतं. बर्फ बाजूला सरकतो.]