काळजीसेवेचे बिल आणि न सांगितलेला खर्च

श्रोतेहो, नमस्कार. इंग्लंडमध्ये घरी येणाऱ्या केअररसाठी ज्यांना कौन्सिलचे बिल भरावे लागते, त्यांच्यासाठी आजचे बोलणे आहे. हे बिल ठरवताना कौन्सिल अटेंडन्स अलाउन्स किंवा पिप (पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट) या अपंगत्वाच्या सरकारी भत्त्यांपैकी अटेंडन्स अलाउन्स आणि पिपमधला डेली लिव्हिंगचा, म्हणजे रोजच्या जगण्याच्या मदतीचा भाग सहसा उत्पन्नात धरते. पिपमधला मोबिलिटीचा, म्हणजे हिंडण्याफिरण्यासाठीचा भाग तिला धरता येत नाही. मात्र भत्ता उत्पन्नात धरला, तर अपंगत्वापायी जो आवश्यक जादा खर्च होतो आणि जो कौन्सिल स्वतः भागवत नाही, तेवढे पैसे त्या व्यक्तीच्या हाती राहू दिले पाहिजेत, असे 2014 च्या केअर ॲक्टखालचे नियम सांगतात. या खर्चाला कौन्सिलच्या भाषेत डीआरई, म्हणजे डिसॅबिलिटी रिलेटेड एक्सपेंडिचर म्हणतात. पुन्हा सांगते: भत्ता मोजला, तर खर्चही मोजला गेला पाहिजे.

लेस्टरला माझ्या परिचयाच्या घरात सांधेवाताने जखडलेल्या एक आजी आहेत. पैशांची चौकशी करायला कौन्सिलच्या बाई आल्या, तेव्हा सुनेने त्यांना चहा दिला आणि प्रत्येक प्रश्नाला ‘तसा जादा खर्च काही नाही’ असे सांगितले. ती खोटे बोलत नव्हती. घरच्या वडीलधाऱ्यांसाठी केलेल्याचा हिशोब मांडायचा नसतो, अशाच घरात ती वाढली होती. डीआरईच्या रकान्यात शून्य पडले आणि बिल पूर्ण आले. पुढे मी भेटायला गेले, तेव्हा मे महिना असूनही हीटिंग सुरू होते आणि रेडिएटरवर जुन्या सुती लुगड्यांची गोधडी वाळत घातलेली होती. “मावशी, आईंना रात्री कळत नाही हो,” सून हळूच म्हणाली. मिळणारे पॅड पुरत नव्हते म्हणून वरचे विकत येत होते, मशीन रोज लागत होते, कातडीला सोसेल अशी धुण्याची महागडी पावडर वेगळी आणावी लागत होती. “हे परक्या बाईला कशाला सांगायचं?” असे आजींचे म्हणणे होते आणि ते का सांगायला हवे, हे त्यांना पटवून देण्यातच आमची संध्याकाळ गेली. मग सुनेने पॅडच्या पावत्या, पावडरच्या पावत्या आणि आजी आजारी पडण्याआधीची व नंतरची विजेची बिले शेजारी शेजारी लावून पाठवली. बागेतले गवत कापण्याचे पैसे, मुलगा घरात आहे म्हणून, नाकारले गेले. बाकी बहुतेक खर्च मान्य झाला आणि बिल उतरले.

माझे तर ठाम मत आहे की प्रत्येक घरात पावत्यांसाठी एक डबा असावा, कारण फोनमध्ये ठेवलेली पावती नेमकी हवी तेव्हा सापडत नाही.

जादा हीटिंग, धुणे, पथ्याचे खाणे, खास पादत्राणे, गळ्यातला अलार्म, उपकरणांची दुरुस्ती, घरकामाची मदत, हे सारे सरकारी मार्गदर्शनात नमूद आहे आणि ती यादी तिथेच संपत नाही. काही कौन्सिली सरसकट ठरावीक रक्कम वजा करतात. तुमचा खर्च तिच्याहून जास्त असेल तर पावत्या दाखवून जास्तीची वजावट मागा. पावत्या दाखवा आणि मागा. नकार आला, तर कारण लेखी घ्या आणि कौन्सिलकडे रीतसर तक्रार करा. तिथेही दाद लागली नाही, तर कौन्सिलांविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समनकडे जाता येते आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत.